अरबी भाषेत लिहिणाऱ्या गणितज्ञांनी संख्या सिद्धांतात नवीन काही केलं, की फक्त ग्रीकांचं आणि भारतीयांचं सांभाळून पुढे दिलं?

नवीन केलं, आणि त्याचा पुरावा कागदावर पडताळता येतो. मित्रसंख्यांचंच घ्या.

२२० ला ज्यांनी नि:शेष भाग जातो, पण ज्या २२० हून लहान आहेत, अशा सगळ्या संख्यांची बेरीज २८४ येते. २८४ साठी तसंच केलं की २२० मिळतात. अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात. ही जोडी ग्रीकांनाही ठाऊक होती. पण अशा जोड्या शोधायच्या कशा, याची रीत कोणाकडे नव्हती. ती नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्राने दिली. हा माणूस हर्रानचा, धर्माने साबियन, म्हणजे मुसलमान नव्हेच. म्हणून मला ‘इस्लामी गणित’ यापेक्षा ‘अरबीतलं गणित’ म्हणणं जास्त योग्य वाटतं. ग्रीक गणितज्ञ निकोमाकसचं अंकगणित त्यानेच अरबीत आणलं, युक्लिडच्या भाषांतरावरही हात फिरवला. इतकं जवळून वाचल्यामुळेच या दोघांनी काय सोडून दिलंय हे त्याला दिसलं.

त्याची रीत अशी. २ चे लागोपाठचे दोन घात घ्या, समजा २ आणि ४. प्रत्येकाची तिप्पट करून १ वजा करा: ५ आणि ११. मग मूळच्या दोन घातांच्या गुणाकाराची (२ × ४) नऊपट करून १ वजा करा: ७१. तिन्ही मूळ संख्या निघाल्या, तर मोठ्या घाताला पहिल्या दोघींनी गुणा, ४ × ५ × ११ = २२०; आणि त्याच घाताला तिसरीने, ४ × ७१ = २८४. आता ४ आणि ८ घ्या. ११, २३ आणि २८७ येतात, पण २८७ म्हणजे ७ × ४१, तेव्हा हा डाव फसला. ८ आणि १६ मात्र चालतात: २३, ४७, ११५१, आणि त्यांतून १७२९६ व १८४१६ ही जोडी.

साबितने हे सिद्धही केलं, मला त्याचंच मोल जास्त वाटतं. पुढे कमालुद्दीन अल-फारिसीने (१२६७ ते १३१९) तीच गोष्ट वेगळ्या वाटेने सिद्ध केली. संख्येचे सगळे विभाजक हाती लागायचे तर आधी ती मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडली पाहिजे, हे ओळखून त्याने अवयव पाडण्याचाच पद्धतशीर अभ्यास मांडला. १७२९६ आणि १८४१६ त्याच्या ग्रंथात आहेत. युरोपात ही जोडी फर्माने कळवली ती १६३६ मध्ये.

इब्न अल-हैथमचं नावही घ्यायलाच हवं. २, ३, ४, ५, ६ ने भागल्यावर बाकी १ आणि ७ ने नि:शेष भाग, अशी संख्या शोधताना त्याने १ ते ६ च्या गुणाकारात १ मिळवून ७२१ काढले. कोणत्याही मूळ संख्येहून लहान सगळ्या संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की त्या मूळ संख्येने नि:शेष भाग जातो, हे त्याला माहीत होतं. आज हा गुणधर्म विल्सनच्या नावाने शिकवतात. लाग्रांजने तो सिद्ध केला १७७१ मध्ये.

अल-खुजंदीने दोन घनांची बेरीज घन होत नाही असं दहाव्या शतकात मांडलं खरं, पण त्याची सिद्धता सदोष होती. त्याचं श्रेय प्रश्न विचारण्यापुरतंच द्यावं.

साबितच्या रीतीत सगळ्या जोड्या सापडत नाहीत. ११८४ आणि १२१० ही लहानशी जोडी १८६६ पर्यंत नजरेतून सुटली होती. पण ६४ आणि १२८ घेऊन बघा. तिन्ही संख्या मूळ निघतात आणि ९३६३५८४ व ९४३७०५६ हाती येतात.