बनवाबनवी, अंदाज अपना अपना, जाने भी दो यारों : पहिल्याच खेळाला लोक हसले होते का?

तुमचा प्रश्न असा : आज ज्यांचे संवाद सगळ्यांना तोंडपाठ आहेत ते विनोदी चित्रपट पहिल्यांदा लागले तेव्हाच गाजले होते का, आणि गोव्यात त्या काळी ते कसे पोचले? तुम्ही २०००नंतर जन्मलेले, हे सगळे चित्रपट मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेत, असंही लिहिलंय.

थोडक्यात सांगायचं तर काही पहिल्या आठवड्यातच गाजले आणि काही पहिल्या फेरीत आपटले. पण कोण गाजलं आणि कोण आपटलं यामागे मला एक कारण स्पष्ट दिसतं. ज्या चित्रपटाचा विनोद पडद्यावर येण्याआधी जिवंत प्रेक्षकांसमोर तावून सुलाखून निघाला होता, त्याचं स्वागत लगेच झालं. जो सरळ वहीतून कॅमेऱ्यासमोर गेला, त्याला पुढे टीव्हीने हात दिला.

मी फोंडा तालुक्यातला. आमच्याकडे विनोद म्हणजे काय हे पोरं आधी देवळाच्या मंडपात शिकतात. काल्याला, म्हणजे देवळातल्या दशावतारी खेळाला, संकासुर येतो, अंगावर काळा वेश, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि तो समोर बसलेल्या मंडळींची नावं घेऊन त्यांची फिरकी घेतो. जत्रेला गावची मंडळी मराठी नाटक बसवतात. तशा नाटकांत मी बरीच वर्षं लहानमोठी कामं केली. तालमीत आमच्या दिग्दर्शकांचं, म्हणजे गावातल्या एका ज्येष्ठ मास्तरांचं, एकच पालुपद असायचं : "हशा चढत असताना बोलू नको, वाक्य वाया जाईल. पूर्ण थांबायची वाट बघू नको, खेळ पडेल. उतरणीला लागला की बोल." नाटकात हे जमतं, कारण समोर माणसं असतात. सिनेमात समोर कॅमेरा. तिथे हशा किती टिकणार याचा अंदाज चित्रीकरणाच्या वेळी बांधायचा आणि संकलनात तेवढीच जागा सोडायची. हा अंदाज कुणाचा बरोबर येणार? ज्याने तोच विनोद किंवा त्या जातीचा विनोद शेकडो रात्री लोकांपुढे केलाय त्याचाच.

आता नाटककार वसंत सबनीसांकडे बघा. त्यांच्या 'छपरी पलंगाचा वग'वरून १९६५मध्ये 'विच्छा माझी पुरी करा' रंगमंचावर आलं आणि त्यात दादा कोंडके गावोगाव गाजले. १९७१चा 'सोंगाड्या' हा दादांनी स्वतः काढलेला पहिला चित्रपट, दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, लेखक पुन्हा सबनीसच. त्याच्या प्रदर्शनाची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. दादरच्या कोहिनूर थिएटरने मराठी चित्रपटाऐवजी हिंदी चित्रपट लावायचं ठरवलं, दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. पण थिएटर मिळवून देणं एवढंच कुणाच्या हातात असतं. तिकीट काढून आत आलेला माणूस दुसऱ्यांदा येतो तो पडद्यावरच्या माणसासाठी. आईच्या धाकातला, तमाशाच्या नादाला लागलेला नाम्या लोकांनी पहिल्याच भेटीत आपला मानला, कारण दादांचं ते भाबडेपण, ती लांबवलेली वाक्यं, तो मध्येच घेतलेला विराम, हे सगळं वगाच्या फडावर पक्कं झालं होतं.

याच सबनीसांनी पुढे १९८८मध्ये 'अशी ही बनवाबनवी' लिहिला. त्यावर जरा थांबतो.

हा चित्रपट मुळात हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वर बेतलेला. तो १९६६चा. निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार, गाणी गुलजारांची, भूमिकांत विश्वजीत, मेहमूद, केश्टो मुखर्जी. यात उणं काय होतं सांगा! त्याच्याही आधी ही गोष्ट बंगालीत येऊन गेली होती. जागा मिळत नाही म्हणून पुरुषांनी बायका व्हायचं, घरमालकांना फसवायचं, हा सगळा मसाला त्यात आहे. तरी आज तो चित्रपट किती जणांना आठवतो? आणि 'बनवाबनवी' सप्टेंबर १९८८मध्ये लागला तो अजून उतरलेला नाही, लोकांच्या बोलण्यातून तरी नाहीच.

फरक कुठे पडला? सबनीसांनी गोष्ट पुण्यात आणली, आणि जागेची अडचण प्रत्येक मराठी घराची करून टाकली. विश्वास सरपोतदार हा घरमालक सुधीर जोशींनी असा उभा केला की भाडेकरू म्हणून राहिलेल्या प्रत्येकाला तो ओळखीचा वाटला. औषध आणून देणारा माणूस वारला हे कळल्यावर सरपोतदारांना त्या माणसाचं नाही, आपण दिलेल्या पैशांचं दुःख होतं : सत्तर रुपये वारले! हा प्रसंग पुन्हा नीट बघा. वाक्य पडल्यावर पुढचं महत्त्वाचं वाक्य लगेच येत नाही. अशोक सराफ आणि सुधीर जोशी एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत प्रेक्षकांना हसायला जागा देतात. दोघंही रंगभूमीवरचे. लक्ष्मीकांत बेर्डे 'टूरटूर' नाटकातून आलेला. पार्वती झाल्यावर तो पदर सावरतो, चालतो, लाजतो, त्यातली एकही हालचाल कॅमेऱ्यासाठी म्हणून केलेली वाटत नाही. मागच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे या सवयीतून ती आलीय.

मी हा चित्रपट म्हापशाला थिएटरात पाहिला. मुंबई-पुण्यात चित्रपट लागला की तो आमच्याकडे यायला वेळ लागे, मराठी चित्रपटाच्या प्रिंटच मोजक्या निघत. तोवर मुंबईहून सुट्टीला आलेले नातेवाईक निम्मे संवाद सांगून मोकळे झालेले असत. गंमत म्हणजे त्याने काहीच बिघडलं नाही. "धनंजय माने इथेच राहतात का?" हे वाक्य येणार हे हॉलमधल्या पुष्कळांना माहीत होतं, आणि ते यायच्या आधीच हशा सुरू झाला. शेजारी बसलेल्या काकी डोळे पुसत होत्या आणि मध्येमध्ये "अगो बाय, अगो बाय" म्हणत होत्या. नंतर चवथीच्या दिवसांत कुणीतरी भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणायचं, राजांगणात चादरी पसरायच्या, आरत्या आटोपल्या की रात्रभर कॅसेटी. तिथेही मागणी याचीच. घरमालकीण लीलाबाई काळभोरांना कशाचा पत्ता नाही आणि समोर ही पोरं काय काय करतायत, यावर आमच्या आजीचा जीव कासावीस व्हायचा. तिला नयनतारांच्या त्या भूमिकेची खरोखर दया यायची.

'धूमधडाका'चंही तेच. १९८५, महेश कोठारेंचं दिग्दर्शनातलं पहिलं पाऊल. मूळ तमिळ चित्रपट १९६४चा, श्रीधर यांचा. हिंदीत १९६६मध्ये 'प्यार किये जा' झाला. तमिळमध्ये नागेश, हिंदीत मेहमूद आणि मराठीत लक्ष्या, अशी ती भूमिका हातोहात आली, म्हणजे तिच्यावर प्रेक्षक दोनदा हसून झाले होते. अशोक सराफांचा यदुनाथ जवळकर, म्हणजे मित्रासाठी उभा केलेला खोटा श्रीमंत बाप, हाही मूळ चित्रपटांतूनच आलेला, पण पाइप ओढता ओढता लागणारा तो ठसका मात्र सराफांचा स्वतःचा.

गोवेकराला विचाराल तर १९८७चा 'गंमत जंमत' सोडून पुढे जाता येणार नाही. आमची वर्षा उसगांवकर चित्रपटात आली ती यातून, आणि त्याआधी 'ब्रह्मचारी' नाटकातून रंगभूमीवर तिचं नाव झालेलं होतं. गोव्याची मुलगी मराठी चित्रपटाची नायिका झाली, याचा आनंद तेव्हा किती घरांत झाला हे आज सांगून कळणार नाही. त्यातच 'अश्विनी ये ना' हे किशोरकुमारांनी मराठीत गायलेलं गाणं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले.

'ब्रह्मचारी' नावाचा चित्रपट त्याच्या कितीतरी आधीचा, १९३८चा. आचार्य अत्र्यांची लेखणी, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, नायिका मीनाक्षी शिरोडकर. पोहण्याच्या वेशात 'यमुनाजळी खेळू' म्हणणारी नायिका बघून तेव्हा केवढी खळबळ उडाली, याची वर्णनं अजून छापली जातात. पण चित्रपट चालण्याचं श्रेय त्या खळबळीला देणं मला पटत नाही. अत्रे 'साष्टांग नमस्कार'सारखं नाटक लिहून आले होते. ब्रह्मचर्याच्या शपथा घेणाऱ्या तरुणाची टर कुठवर उडवायची आणि कुठे थांबायचं, हे त्यांना थिएटरात बसून कळलेलं होतं.

कोंकणीतही हेच घडलं. फ्रँक फर्नांड यांचा १९६३चा 'आमचें नशीब' बघा. सी. आल्वारिस आणि रिटा लोबो ही तियात्राच्या, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाच्या, रंगमंचावरची लाडकी नावं, त्यांना बघायला लोक आधीच तयार होते.

आता दुसरी बाजू. 'जाने भी दो यारों' १९८३चा, कुंदन शहांचा पहिला चित्रपट, पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाचा, आणि तोही अगदी बेताचा. पदार्पणाच्या दिग्दर्शनासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण थिएटरात त्याने मोठा धंदा केला नाही. तुम्ही म्हणाल, नसीरुद्दीन शहा, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश कौशिक ही तर सगळी नाटकवाली मंडळी, मग तुमचं म्हणणं इथे कोसळतं. मला तसं वाटत नाही. नट रंगभूमीचे असले तरी हा विनोद लोकांपुढे पहिल्यांदाच येत होता. बिल्डर, कमिशनर, वर्तमानपत्राची संपादक, सगळेच विकले गेलेले, आणि शेवटी कैद्यांच्या कपड्यांत रस्त्याने चालणारे दोन निरपराध छायाचित्रकार. १९८३चा प्रेक्षक हसायला आला आणि घशात आवंढा घेऊन बाहेर पडला. शेजाऱ्याला "जा, बघून ये, मजा आहे" असं तो कसं सांगणार? आणि त्यातला सर्वांत लाडका भाग कुठला? महाभारताचा. कमिशनर डिमेलोचं प्रेत द्रौपदी बनून उभं, आंधळा धृतराष्ट्र सारखं विचारतोय काय चाललंय म्हणून. तो प्रसंग रंगमंचावर घडतो, आणि पडद्यावर समोर प्रेक्षक बसलेले आहेत! तेवढ्या भागाला हशाची जागा आपोआप मिळाली. बाकीचा चित्रपट लोकांनी पुढे दूरदर्शनवर पुन्हा पुन्हा बघत आपलासा केला. २०१२मध्ये तो नव्या प्रिंटने थिएटरांत परत आला तेव्हा त्याची ओळख करून द्यायची गरज राहिली नव्हती.

'अंदाज अपना अपना' ४ नोव्हेंबर १९९४चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' आला होता आणि घरंच्या घरं त्याच्याकडे लोटली होती. आमिर आणि सलमान एकत्र असूनही हा चालला नाही. दोष चित्रपटाचा नाही. त्यात एका वाक्यावर हसेपर्यंत पुढची दोन निसटतात, मागे उभा असलेला माणूस काहीतरी वेगळंच करत असतो. भरल्या थिएटरात असा विनोद हशाखाली बुडतो. घरी केबलवर चौथ्यांदा बघताना तो सापडायला लागतो. तुमच्या पिढीला तो तुकड्यातुकड्यांनी आवडतो, त्याचंही कारण हेच असावं.

'हेराफेरी' ३१ मार्च २००० रोजी लागला तेव्हा सुरुवात थंड होती, मग तोंडी प्रसिद्धीने उचलला. मूळ मल्याळम 'रामजी राव स्पीकिंग' १९८९चा, सिद्दीक आणि लाल या जोडीचा. हे दोघं कोचीच्या कलाभवनात रंगमंचावर नकला करत वर आलेले. आणि बाबूराव झालेले परेश रावल गुजराती रंगभूमीचे. पुन्हा तेच.

तेव्हा माझी एक विनंती. मोबाईलवरच बघायचं तर बघा, पण 'बीवी और मकान' आणि 'बनवाबनवी' लागोपाठ बघा, आणि दुसरा बघताना घरातली चारपाच माणसं जमवा. आजी-आजोबा असतील तर त्यांना पुढे बसवा. वाक्याकडे नव्हे, वाक्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांकडे लक्ष ठेवा : अशोक सराफ तिथे काय करतात, सुधीर जोशी कुठे बघतात, आणि तुमच्या खोलीतला हशा नेमका कधी उतरतो. जमलं तर इथे खाली लिहा. गोव्यातले कुणी असाल तर तुमच्या गावात यातला कुठला चित्रपट कधी पोचला, थिएटरात की कॅसेटवर, तेही सांगा. मला ते जमवायचंय.