पाणी बदलल्यावर ऑस्कर तिरके झाले? औषधाआधी क्लोरीन तपासा

इंदूरच्या सुदामानगरमधल्या ताईंची अडचण थोडक्यात अशी: चार फुटी माशांची टाकी, त्यात दोन मोठे ऑस्कर मासे, दुकानात शार्क म्हणून मिळणारा एक मासा, आणि काच चाटणारा एक सकर. रविवारी नळाला पाइप लावून अर्धं पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत ऑस्कर वर येऊन धापा टाकायला लागले, अंगावर पांढरट साय आली. दुकानदार म्हणतो बुरशी आहे, निळं औषध टाका.

ताई, औषध टाकू नका. अगदी हीच लक्षणं मी माझ्या टाकीत पाहिली आहेत. फिल्टर पिकवणं, म्हणजे माशांच्या मैल्यातून होणारे विषारी अमोनिया-नायट्राइट पचवणारे जिवाणू त्यात वाढू देणं, हे तुम्हाला माहीत असणारच, दोन वर्षं ऑस्कर उगीच जगत नाहीत. त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

बुरशी कापसासारखी एखाद्या जखमेवर फुटते आणि हळूहळू पसरते. पाणी बदलल्यावर काही तासांत सगळेच मासे एकदम धापा टाकू लागले आणि सगळ्या अंगावर साय आली, तर पहिला संशय क्लोरीनचा धरायचा. कल्ले भाजतात, मासा स्वतःला वाचवायला अंगातून चिकट स्राव सोडतो, त्यालाच आपण बुरशी समजतो. माझी सिल्व्हर अरोवाना तिरकी होऊन काचेला टेकली होती, कल्ल्याचं झाकण मिटत नव्हतं आणि त्याच्या कडेला स्रावाची तार लोंबत होती. अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मोठे मासे पाळणाऱ्यांनाच हा फटका जास्त बसतो, याचं कारण साधं आहे. छोट्या टाकीवाला बादलीभर पाणी रात्री भरून ठेवतो, तोवर क्लोरीन बरंचसं उडतं. आपली सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी म्हणजे जवळपास 680 लिटर. तीस टक्के बदलायचं म्हटलं तरी 200 लिटर लागतं, मग आपण थेट पाइप लावतो. जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात एरवी क्लोरीन कमी असतं, बाटलीवर लिहिलेले अँटी-क्लोरीनचे थेंब त्याला पुरतात. सगळा हिशेब बिघडतो तो नळ आणि घर यांच्यामधल्या इमारतीच्या हौदात.

आमच्याकडे तेच झालं. इमारतीचं पाणी बघणाऱ्या कार्यालयाने खालचा हौद धुऊन घेतला आणि त्यात ब्लीचिंग पावडर ओतली. किती, कोणी, कधी, याची नोंद नाही. फलकावर सूचना नाही, ग्रुपवर एक ओळ नाही. मी विचारायला गेलो तर आधी म्हणाले, पावडर टाकलीच नाही. मग म्हणाले, टाकली पण नियमाप्रमाणे. मग लेखी अर्ज मागितला, आणि अर्ज दिला तर साहेब रजेवर. माशांचं सोडा, त्याच पाण्याने लहान मुलांच्या आंघोळी होतात. त्यांच्याकडून मला पैसे नको होते. हौद धुण्याच्या आदल्या दिवशी चार शब्द लिहून लावा, एवढीच मागणी होती. त्याचंही उत्तर आजतागायत नाही. याचा राग मला अजून आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

आता महत्त्वाचं. पहिल्या दिवशी वाचलेले मासे सुटले असं समजू नका. क्लोरीनने फिल्टरमधले जिवाणूही मरतात, आणि दोन-तीन दिवसांनी अमोनिया चढतो. त्यात बोरिंगचं पाणी मिसळत असेल तर ते जड, पीएच आठच्या आसपास. त्यात उन्हाळ्यात टाकी 32 अंशांवर गेली की तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. माझी अरोवाना अशीच दुसऱ्या फेरीत गेली. निळं औषध फिल्टरमधले उरलेसुरले जिवाणूही मारेल, म्हणून त्याला माझा एवढा विरोध.

आत्ता हे करा: अँटी-क्लोरीन टाका, हवेचा पंप पूर्ण जोरात चालू ठेवा, खाणं तीन-चार दिवस बंद. मोठा ऑस्कर उपाशी मरत नाही. फिल्टरचा स्पंज धुऊ नका. अमोनिया रोज तपासा, चढला तर मुरवलेल्या, म्हणजे एक दिवस आधी भरून ठेवलेल्या पाण्याने थोडं थोडं बदला. नायट्राइट दिसलं तर लिटरला एक ग्रॅम खडा मीठ विरघळवून टाका, त्याने कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरणं कमी होतं. मी डॉक्टर नाही, माझ्या टाकीत जे उपयोगी पडलं ते सांगतोय. तुमचा सकर मिठाला नाजूक निघू शकतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

पुढच्यासाठी गच्चीत 200 लिटरचा निळा ड्रम ठेवा, एक दिवस आधी भरून त्यात हवेच्या पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड टाका. शिवाय स्विमिंग पूलच्या सामानात मिळणारं क्लोरीनचं किट घ्या. पाण्यात थेंब टाकल्यावर फिकट पिवळं आलं तर नेहमीचं पाणी, गडद पिवळं किंवा केशरी आलं तर त्या दिवशी हात लावू नका. तपासलेलं पाणी टाकीत परत ओतू नका, ते रसायन विषारी आहे. क्लोरीन मारणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे वापरणार असाल तर क्लोरीनच्या सातपट वजन धरा: लिटरला 5 मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर 200 लिटरच्या ड्रमला 7 ग्रॅम. बाटलीवरचा डोस एवढ्यासाठी नसतो.

जाता जाता दोन गोष्टी, न विचारता सांगतोय. दुकानात ज्याला शार्क म्हणतात तो पंगास आहे, तो मीटरभर वाढतो. चार फुटांत, म्हणजे साधारण 250 लिटरमध्ये, दोन ऑस्करच दाटीने राहतात. माझं मत कडक वाटेल, पण हे मासे दोन इंचांचे असताना कुणी विकूच नयेत. मोठी टाकी घेणार असाल तर पाणी, काच आणि स्टँड मिळून पाऊण-एक टनाचा विचार करा, आणि ती भिंतीलगत, तुळईवर येईल अशी ठेवा. जुन्या वाड्याच्या माडीवर तर नकोच.

आणि पंगास नकोसा झाला म्हणून सिरपूर तलावात किंवा यशवंत सागरात सोडू नका. दोन्ही 2022 पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला, तो उत्तर अमेरिकेतला मासा, तिथला नव्हेच. मोठी टाकी असलेला कुणीतरी शोधा, मीही विचारून बघतो. तोवर आज रात्रीचा अमोनियाचा आकडा, आणि तुमचं पाणी थेट नळाचं की हौदातून वर चढवलेलं, एवढं कळवा.