एंगेजमेंट रिंगसाठी हिऱ्याऐवजी मॉइसनाइट घ्यावा की अमेरिकन डायमंड?

रोज घालायची अंगठी आहे ना, मग मी तरी मॉइसनाइटच (हिऱ्यासारखा दिसणारा, पण सिलिकॉन कार्बाइडचा खडा) सांगेन. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया हा कृत्रिम खडा, स्वस्त पडतो पण कडकपणा मोह्स स्केलवर (खनिजांचा कडकपणा सांगणारी १ ते १० ची पट्टी) ८ ते ८.५ च्या आसपास, त्यामुळे रोज वापरला की हळूहळू बारीक चरे पडतात आणि खडा धुरकट दिसायला लागतो, मॉइसनाइट ९.२५ आहे (हिरा १०) म्हणून चमक टिकते. फक्त त्यात रंगीत झगमग हिऱ्यापेक्षा जास्त असते, मोठ्या खड्यात तर लगेच जाणवते, काहींना ते खूप आवडतं काहींना अजिबात नाही, म्हणून आधी उन्हात धरून बघाच. आणि लॅब ग्रोन डायमंडला, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याला, नकली समजू नका हं, तो कार्बनचा खराच हिरा असतो, बजेट बसत असेल तर सर्टिफिकेट बघून तोच घ्या.