बोयान क्रकिच स्पेनकडून एकच सामना का खेळला?

सतराव्या वर्षी बार्सिलोना या फुटबॉल क्लबकडून लीगमध्ये गोल करून सगळ्यात कमी वयात गोल करण्याचा मेस्सीचा क्लबमधला विक्रम मोडणारा पोरगा स्पेनकडून एकदाच कसा खेळला, असा तुमचा प्रश्न. ‘दम नव्हता’ असं आमच्या गावातले पोट्टेही म्हणतात. मला नाही पटत.

फेब्रुवारी २००८ मध्ये फ्रान्सविरुद्ध तो पदार्पण करणार होता. ऐनवेळी चक्कर, घाबरं झालं. बाहेर सांगितलं गेलं, पोट बिघडलंय. तो चिंतेचा झटका होता, हे त्याने स्वतः पुढे दहा वर्षांनी सांगितलं. त्याच उन्हाळ्यात युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेला, नकार दिला, तर ‘दमलाय’ म्हणे! स्पेन ती स्पर्धा जिंकला.

इकडे यवतमाळकडे झेडपी शाळेमागच्या मैदानावर मी पोरांना खेळवतो. जिल्हा निवड चाचणीला निघताना आमचा सगळ्यात चांगला डावखुरा एसटी स्टँडवर भडाभडा ओकला. मोठी माणसं म्हणाली, ऊन लागलं, ग्लुकोज पाजा. पोरगं भेदरलंय हे कोणाच्या डोक्यातच नाही.

शेवटी सप्टेंबर २००८ मध्ये आर्मेनियाविरुद्ध बोयान बदली खेळाडू म्हणून उतरला, तेवढंच. पुढे स्पेनचे व्हिया आणि टोरेस हे आघाडीवीर असताना जागा मिळणं कठीणच. वडील सर्बियाचे, म्हणून सर्बियाकडून खेळण्याचाही पर्याय होता. पण आर्मेनियाचा सामना विश्वचषक पात्रतेचा असल्याने त्या काळच्या नियमाने दुसऱ्या देशाकडून खेळता येत नव्हतं, म्हणून ते दारही बंद झालं. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला.