रामशेजसारखा लढलेला जपानी सरदार

प्रश्न : मागच्या रविवारी रामशेजला गेलो होतो, तिथं मुलगा म्हणाला की जपानच्या सानादा मासायुकीनं पण असंच मूठभर माणसांवर मोठ्या फौजेला दमवलं होतं. खरंय का? आणि नेटवर त्याला दगाबाज का म्हणतात?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : खरंय, आणि एकदा नाही दोनदा! फक्त त्याचा उएदा किल्ला रामशेजसारखा डोंगरावर नव्हता, सपाटीवर होता, म्हणून तर मला त्याचं जास्त कौतुक वाटतं. 1585 ला तोकुगावा इएयासू या बड्या सरदाराची साधारण सात हजारांची फौज आली, याच्याकडं जेमतेम दोन हजार, तर यानं माघारीची हूल देऊन शत्रूला पार गावात येऊ दिलं, गल्ल्यांमध्ये आडवीतिडवी कुंपणं घालून ठेवलेली, त्यात ते अडकले आणि मग थोरल्या मुलानं बाहेरून हल्ला चढवला, पळताना कितीतरी जण नदीत बुडाले. 1600 ला इएयासूचा मुलगा हिदेतादा 38 हजार घेऊन आला तेव्हा शरण येतो येतो म्हणत यानं बोलणी लांबवली आणि हिदेतादा जपानच्या सत्तेसाठी झालेल्या सेकिगाहाराच्या मुख्य लढाईला पोचलाच नाही वेळेवर.

आता दगाबाजीचं. लहानपणी तो ताकेदा शिंगेन या बड्या सरदाराकडं ओलीस गेला आणि तिथंच तयार झाला. 1575 ला नागाशिनोच्या लढाईत दोन्ही थोरले भाऊ पडले म्हणून घराणं याच्याकडं आलं. 1582 ला ताकेदा संपले, मग ओदा, होजो, तोकुगावा, उएसुगी असे धनी बदलत गेला, पुढं जपानचा सत्ताधीश झालेल्या हिदेयोशीच्या माणसांनी पत्रात त्याला दुतोंडी म्हटलंय. पण मला हे पटत नाही. चहूबाजूंनी बडे सरदार आणि मधे याचं एवढंसं वतन, आणि इएयासूनं तर याचा नुमाता किल्ला परस्पर होजोंना द्यायचा ठरवला होता! आपल्याकडच्या देशमुखांनी पण वतन राखायला हेच केलं ना?

1600 ला थोरला नोबुयुकी तोकुगावांकडं राहिला, बाप आणि धाकटा विरुद्ध बाजूला. सेकिगाहाराला बापाची बाजू हरल्यावर थोरल्यानं रदबदली केली म्हणून दोघांचा जीव वाचला, पण कुदोयामाला हद्दपारी झाली आणि तिथंच 1611 ला मासायुकी वारला. थोरल्याचं घराणं पुढं मात्सुशिरोला मेइजी काळापर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकलं. आणि गेममध्ये युकिमुरा नावानं दिसतो तो याचाच धाकटा, खरं नाव नोबुशिगे, 1615 ला ओसाकाला इएयासूच्या छावणीपर्यंत घुसून लढला आणि तिथंच पडला.