जुन्या कराराची कॉपी नको, टेम्प्लेट करा

भाडेकरार, नोटिसा आणि प्रतिज्ञापत्रांचे मसुदे वर्डमध्ये तयार करणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमच्या ऑफिसात महिन्याला पंधरा-वीस लीव्ह अँड लायसन्स करार होतात. मागच्या कराराची फाइल उघडून नावं बदलतो. फाइंड-रिप्लेस केलं तरी आधीच्या पक्षकाराचं नाव कुठेतरी राहतंच. (कल्याण)

फाइंड-रिप्लेस फसतं ते मराठीच्या विभक्तीमुळे. 'पाटील' शोधलंत तर 'पाटलांनी' सापडत नाही, 'कुलकर्णी' शोधलंत तर 'कुलकर्ण्यांना' तसंच राहतं. म्हणून आधी मसुद्याची भाषा नीट करा, वर्डकडे नंतर वळा.

नावाला प्रत्यय लावायचाच नाही. 'श्री. अमुक यांनी', 'यांना', 'यांचे' असं लिहिलं की नाव मूळ रूपात राहतं. तेही फक्त सुरुवातीच्या पक्षकारांच्या तपशिलात आणि शेवटी सहीच्या जागी. मधल्या सगळ्या कलमांत 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. आपल्या जुन्या दस्तलेखकांनी हे शब्द फार विचारपूर्वक रुळवले आहेत. लिहून देणार बाई असो, दोघे भाऊ असोत की कंपनी, 'लिहून देणार यांनी' हे रूप बदलत नाही. याउलट 'मालकाने' लिहिलंत की मालकीणबाईंसाठी अख्खा करार पुन्हा वाचावा लागतो. आणखी एक सांगतो. या करारात 'भाडेकरू' आणि 'भाडे' हे शब्द टाळा, 'लायसन्सी' (जागा वापरण्याची परवानगी मिळालेला, म्हणजे इथला लिहून घेणार) आणि 'लायसन्स फी' लिहा. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे लायसन्समध्ये जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, तेव्हा मसुद्याची भाषाही तसंच सांगणारी हवी.

आता वर्ड. कोरी फाइल उघडा आणि जुना मजकूर 'कीप टेक्स्ट ओन्ली' वापरून पेस्ट करा, म्हणजे जुन्या फाइलमधल्या स्टाइल्सचा कचरा सोबत येत नाही. नावाच्या जागी कर्सर ठेवून इन्सर्ट > क्विक पार्ट्स > डॉक्युमेंट प्रॉपर्टी इथे जा आणि 'सब्जेक्ट' निवडा. एक चौकट येईल. डेव्हलपर टॅबमधल्या 'प्रॉपर्टीज'मध्ये तिचं शीर्षक बदलून 'लिहून देणार यांचे नाव' करा. (डेव्हलपर टॅब दिसत नसेल तर रिबनवर राइट-क्लिक > कस्टमाइझ द रिबन इथे त्यावर खूण करा.) लिहून घेणार यांच्यासाठी 'मॅनेजर' आणि मिळकतीच्या पत्त्यासाठी 'कंपनी ॲड्रेस' घ्या. हीच चौकट कॉपी करून सहीच्या जागी आणि परिशिष्टात लावा. एका ठिकाणी नाव भरलं की सगळीकडे उमटतं. 'ऑथर' मात्र घेऊ नका, त्यात वर्ड आपणहून तुमचं युजरनेम भरतं.

शेवटी 'सेव्ह ॲज'मध्ये 'वर्ड टेम्प्लेट' हा प्रकार निवडा. फाइल 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' या फोल्डरमध्ये जाते आणि फाइल > न्यू > पर्सनल इथे दिसते. तिथून उघडली की दरवेळी नवीन, बिननावाची फाइल मिळते, मूळ टेम्प्लेटला धक्का लागत नाही. टेम्प्लेटमध्येच बदल करायचा असेल तर फोल्डरमध्ये जाऊन तिच्यावर राइट-क्लिक > ओपन.

एक सावधगिरी. ही नावं फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही साठतात. ती काढायला 'डॉक्युमेंट इन्स्पेक्टर' चालवलात तर करारातल्या चौकटीच रिकाम्या होतील. म्हणून समोरच्या पक्षाला पीडीएफ पाठवा आणि पीडीएफ करताना 'ऑप्शन्स'मधली 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'ची खूण काढा.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोंदणी झाल्यावर चुकीचं नाव पेनाने दुरुस्त होत नाही. त्यासाठी चूक दुरुस्ती दस्त करून पुन्हा सगळ्यांना सह्यांसाठी बोलवावं लागतं.

प्रश्न : मध्येच एक कलम वाढवलं की पुढचे सगळे आकडे हाताने बदलावे लागतात. 'कलम ७ प्रमाणे' असे उल्लेख तर चुकतातच. (सातारा)

आकडे हाताने टाइप करणं आजच बंद करा. होम > मल्टिलेव्हल लिस्ट > डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट > मोअर इथे पहिली पातळी 'हेडिंग १' ला आणि दुसरी 'हेडिंग २' ला जोडा. 'नंबर स्टाइल'च्या यादीत देवनागरी अंकही असतात. दिसले नाहीत तर वर्डच्या भाषांमध्ये मराठी जोडा. हेडिंगचा निळा रंग आणि मोठा आकार स्टाइलमध्ये बदलून साध्या मजकुरासारखा करा.

उल्लेखासाठी 'कलम' एवढंच टाइप करा, मग रेफरन्सेस > क्रॉस-रेफरन्स > 'नंबर्ड आयटम' इथून ते कलम निवडा आणि 'फुल कॉन्टेक्स्ट'वाला परिच्छेद क्रमांक घ्या. हे आकडे आपोआप बदलत नाहीत. कंट्रोल-ए दाबून एफ९ दाबलं की बदलतात. विसरण्याची सवय असेल तर फाइल > ऑप्शन्स > डिस्प्ले इथे छपाईआधी फील्ड (म्हणजे असे आपोआप भरले जाणारे आकडे) अपडेट करण्याची खूण करून ठेवा.

'रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' अशी ठळक ओळ आली, तर ज्याचा उल्लेख आहे ते कलम कोणीतरी पुसलंय. त्याहून वाईट चूक गुपचूप होते. कलमाच्या सुरुवातीला कर्सर ठेवून एंटर दाबलं की आतली अदृश्य खूण नव्या ओळीकडे सरकू शकते आणि उल्लेख भलत्याच कलमाचा होतो. नवीन कलम घालायचं तर नेहमी आधीच्या कलमाच्या शेवटी कर्सर नेऊन एंटर दाबा.

प्रश्न : स्टाइलमध्ये आकार १४ आणि बोल्ड दिलं, तरी मराठी मजकूर जसाच्या तसा. इंग्रजी शब्द मात्र बदलतात. (लातूर)

वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' समजतं आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगळा साठवतं. मॉडिफाय स्टाइल > फॉरमॅट > फॉन्ट उघडा. खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा स्वतंत्र भाग आहे, तिथेही १४ आणि बोल्ड द्या. आकार डोळ्यांनी जुळवा. कोकिळा फॉन्ट त्याच आकारात मंगलपेक्षा बराच लहान दिसतो.

फाइल कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. कृतीदेवमध्ये 'क' हे संगणकाच्या लेखी इंग्रजी लहान 'डी' असतं. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याची वर्डची सवय त्याचा मोठा 'डी' करते आणि पूर्ण 'क' चा अर्धा 'क्' होतो. शिवाय ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथे अख्खा करार अगम्य इंग्रजी अक्षरांत उघडतो. रूपांतरानंतर 'ऱ्या' असलेले शब्द एकेक तपासा. 'करणाऱ्या'चं 'करणार्या' झालेलं हमखास सापडतं.

प्रश्न : स्टॅम्प पेपरवर पहिलं पान छापताना मजकूर वरच्या छपाईवर चढतो. एंटर मारून खाली आणला तर पुढची पानं बिघडतात. आणि कोर्टासाठी कागद कोणता? (गडहिंग्लज)

एंटर मारू नका. स्टॅम्प पेपरच्या वरच्या कडेपासून कोऱ्या जागेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. हेडरवर डबल-क्लिक करून 'डिफरंट फर्स्ट पेज'वर खूण करा. पहिल्या पानाच्या हेडरमध्ये एक रिकामी ओळ ठेवा आणि परिच्छेदाच्या 'स्पेसिंग बिफोर'मध्ये मोजलेलं अंतर लिहा, उदाहरणार्थ '१२ सेमी'. ही नोंद इंग्रजी कीबोर्डवर करा. हेडर वाढलं की मजकूर आपोआप खाली ढकलला जातो आणि दुसऱ्या पानाला काही होत नाही. आधी साध्या कागदावर छापा आणि स्टॅम्प पेपरवर धरून उजेडात बघा.

कोर्टासाठी वेगळं टेम्प्लेट ठेवा. सर्वोच्च न्यायालयात १ एप्रिल २०२० पासून ए४ कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन १४, दीड ओळीचं अंतर, डावी-उजवीकडे ४ सेमी आणि वर-खाली २ सेमी समास अशी पद्धत आहे. उतारे १२ आकारात, एका ओळीच्या अंतराने. तुमच्या कोर्टाची पद्धत फाइलिंग काउंटरवर विचारून घ्या.

प्रश्न : सोसायटीच्या थकबाकीदारांना मेल मर्जने (एकाच मसुद्यात एक्सेलच्या यादीतले तपशील भरून) नोटिसा काढल्या. तारखांमध्ये महिना आधी आला आणि रकमांना दशांशांचं शेपूट लागलं. (ठाणे)

एक्सेलमधून येताना तारीख अमेरिकी क्रमाने येते. ०५/०३ म्हणजे ५ मार्च की ३ मे, यावर नोटिशीची मुदत मोजली जाते, म्हणून ही चूक चालणार नाही. एक्सेलमध्येच 'टेक्स्ट' फॉर्म्युल्याने तारीख आणि रक्कम यांचे वेगळे स्तंभ करा आणि मर्जमध्ये तेच वापरा. अक्षरी रक्कम मात्र स्वतः लिहा. वर्डचं आकडा शब्दांत लिहिणारं फील्ड मराठी देत नाही आणि लाख-कोटीही जाणत नाही.

प्रश्न : आमच्याकडे वर्डऐवजी लिब्रेऑफिस आहे. त्यात हे होईल का? (पणजी)

काम तसंच होतं. फाइल > टेम्प्लेट्स > सेव्ह ॲज टेम्प्लेट. नावांसाठी कंट्रोल-एफ२ > व्हेरिएबल्स > 'युजर फील्ड' वापरा, किंमत एकदा बदलली की सगळीकडे बदलते. फॉन्टच्या चौकटीत 'सीटीएल' नावाचा भाग दिसेल, देवनागरीचा आकार तिथे द्यायचा. फाइल वर्डवाल्यांकडे जाणार असेल तर आधी पीडीएफ पाठवून मसुदा पक्का करा, कारण दोन्हींत येजा झाली की कलमांचे क्रमांक सरकतात.