डॅलसला येताय, मुलगा नववीत जाणार: शाळेतल्या टेक्निकल कोर्सेसबद्दल थोडं (थोडं म्हणता म्हणता बरंच)

ताई, मिस्टरांना कंपनी डॅलसला पाठवतेय, मुलाची आठवी झालीय, तिकडे हायस्कूलमध्येच टेक्निकल विषय घेऊन कॉलेजचे क्रेडिट मिळतात म्हणे, आपल्या डिप्लोमासारखं, मग कॉलेजचा खर्च निम्मा होईल का, असं विचारलंय तुम्ही, आणि तिकडे एकटेपणा येतो का, हेही. खर्च कमी होऊ शकतो. पण ते 'डिप्लोमासारखं' वाचलं आणि मला राहवलं नाही.

मी स्वतः मिरजेहून सिव्हिलचा डिप्लोमा केलाय आणि मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला गेलेय. आपल्याकडे लोक डिप्लोमावाल्यांना नाकं मुरडतात ते सोडा, पण तो जिना पक्का बांधलेला आहे. आयटीआय केलेला मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जातो, डिप्लोमावाला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. इथे टेक्सासमध्ये मजले सुंदर आहेत, मधल्या पायऱ्या मात्र प्रत्येकाने आपापल्या बघायच्या.

कायद्याने बघाल तर सगळं नीट आहे. टेक्निकल शिक्षणाला केंद्राचा पैसा देणारा पर्किन्स कायदा २०१८ साली नव्याने झाला, त्यात शाळेपासून कॉलेजपर्यंत सलग अभ्यासक्रम पाहिजे असं लिहिलंय. टेक्सासने त्याआधी २०१३ मध्येच नियम केला की नववीत शिरतानाच मुलाने पाचपैकी एक दिशा लेखी निवडायची. तेरा-चौदा वर्षांचं पोर, नुकतं विमानातून उतरलेलं, ते काय निवडणार? माझ्या मुलीने मैत्रिणीने घेतलं म्हणून इंजिनिअरिंगचं घेतलं. (बदलता येतं, घाबरू नका. पण कोर्सेस एकावर एक रचलेले असतात, पहिला केल्याशिवाय दुसरा नाही, त्यामुळे अकरावीत बदललं तर शेवटपर्यंत पोचायला वेळ उरत नाही.)

आता मुख्य गोष्ट, जी मला शाळेच्या काउन्सेलरने (मुलांना विषय निवडायला मदत करणाऱ्या माणसाने) कधी सांगितली नाही. ड्युअल क्रेडिट म्हणजे एकाच कोर्सचे मार्क शाळेतही आणि कम्युनिटी कॉलेजमध्येही (म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज). पण हे कोर्स दोन जातींचे असतात आणि वरून ओळखू येत नाहीत. एक अकॅडमिक, उदाहरणार्थ इंग्रजीचा ईएनजीएल १३०१, इतिहासाचा एचआयएसटी १३०१, कॅल्क्युलसचा मॅथ २४१३. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा क्रेडिटचा. हे नंबर राज्यभर सारखे, आणि ४२ क्रेडिटचा पूर्ण कोअर (सगळ्यांना सक्तीचे पायाभूत विषय) झाला असेल तर कुठल्याही सरकारी विद्यापीठाला तो अख्खा धरावाच लागतो. दुसरी जात वर्कफोर्स कोर्सची. डीएफटीजी १३०९ म्हणजे कॉम्प्युटरवर ड्राफ्टिंग, डब्ल्यूएलडीजीने सुरू होणारे वेल्डिंगचे. नंबर दिसायला अगदी तसाच, क्रेडिट तेवढेच, शिकवणारं कॉलेज तेच. पण हे कोर्स कॉलेजच्या दोन वर्षांच्या अप्लाइड सायन्स डिग्रीसाठी किंवा सर्टिफिकेटसाठी बनवलेले, चार वर्षांच्या विद्यापीठावर ते धरायचं बंधन नाही.

मुलीचं तेच झालं. ड्राफ्टिंगचे कोर्स केले, ए मिळवला, शाळेने सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसवलं, ते मिळाल्यावर फोटो काढून भिंतीवर लावला (मुलांच्या सर्टिफिकेटवर शाळेला राज्याकडून गुण मिळतात, हे मला मागाहून कळलं, मग त्या उत्साहाचा अर्थ लागला). विद्यापीठात मेकॅनिकलला गेली तर म्हणे हे क्रेडिट दिसतील, पण डिग्रीत मोजणार नाही. पहिल्या वर्षाला तेच सॉफ्टवेअर, तोच ब्रॅकेटचा आयसोमेट्रिक व्ह्यू पुन्हा, आणि त्याची फी आम्ही भरली. मुलगी म्हणाली जाऊ दे आई, सोपा ए मिळेल. माझ्याच्याने अजून जाऊ देववत नाही.

आणि रँकचं गणित वेगळंच. वर्गात वरच्या १० टक्क्यांत असलेल्यांना टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश असतो, फक्त यूटी ऑस्टिनला (ऑस्टिनची टेक्सास युनिव्हर्सिटी) ती मर्यादा आणखी कडक, २०२६ पासून ५ टक्के. रँक काढताना एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, विषयांना जादा वजन, आणि आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (इथल्या शाळांचा विभाग) ड्राफ्टिंगला साधं. म्हणजे आवडीचा विषय घेतला म्हणून रँक घसरते. आपली देशी मंडळी हे आधीच हेरतात आणि पोरांना एपीच्या ढिगाखाली घालतात. मंडळाच्या गणपतीत मी मुलीचं ड्राफ्टिंग सांगितलं तर एक काकू म्हणाल्या, "म्हणजे वर्कशॉप का गं?" मी हसले. घरी येऊन भांडी जरा जोरात घासली.

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. पटेल ब्रदर्स या देशी दुकानात भाजी मिळते, ओळखी होतात, जातो दिवस.

व्हिसाचं मात्र नीट ऐका, कारण शाळेच्या माहितीपत्रकात ते कुठेच नसतं. बारावीत प्रॅक्टिकम म्हणून कंपनीत काम करायची सोय असते, पगारीसुद्धा. टेक्निकल शिक्षणातला खरा मेवा तोच. पण एच-४ वरच्या (एच-१बी व्हिसावर कामाला आलेल्याच्या बायकामुलांना मिळतो तो व्हिसा) मुलाला नोकरी करता येत नाही, सोशल सिक्युरिटी नंबरच नाही. मुलीच्या वर्गातली पोरं दुपारी सेफ्टी शूज घालून बाहेर पडायची आणि ही लॅबमध्ये बसून थ्रीडी प्रिंटरची नळी साफ करायची. सरांनी चांगल्या मनाने विचारलं होतं, तू का नाही जात? तिने सांगितलं की तिला डिझाइनमध्येच इंटरेस्ट आहे. हे मला कितीतरी दिवसांनी दुसऱ्याच्या आईकडून कळलं. वर केंद्राची आर्थिक मदत एच-४ ला नाही, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, तोवर ग्रीन कार्ड हातात नसेल तर स्टुडंट व्हिसा घ्यायचा. भारतीयांची रांग तुम्हाला माहीतच आहे.

खरं सांगू, ती टेबलावर बसून ड्रॉइंग करायची तेव्हा मी मागून बघायचे आणि डायमेन्शन चुकलं की सांगायचे. तिला कौतुक वाटायचं. मला वाटायचं, हे काम माझं आहे, मला याचे पैसे मिळायचे. पोटच्या पोरीचा हेवा वाटतो म्हणजे काय ते इथे येऊन कळलं. एच-४ वर मलाही परवानगी नव्हती ना. तेव्हा वरती एकटेपणाचं उडवून लावलं ते तसंच राहू द्या.

तर तुम्ही काय कराल. पुढच्या वर्षाचे विषय बहुतेक शाळांत वसंतात निवडून होतात, तुम्ही ऑगस्टमध्ये पोचाल तेव्हा चांगले वर्ग भरलेले असतील, म्हणून घर ठरलं की लगेच काउन्सेलरला ईमेल टाका. "पाथवे (एका दिशेच्या कोर्सेसची साखळी) कुठला चांगला" असं विचारू नका, सगळे चांगलेच सांगतात. विचारा, हा कोर्स अकॅडमिक का वर्कफोर्स, आणि मग ज्या विद्यापीठात जायचं मनात आहे त्याच्या डिग्री प्लॅनमध्ये तो कुठल्या ओळीत बसतो. ती ओळ स्वतः डोळ्याने बघा. आणि ड्युअल क्रेडिटचे मार्क कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) कायमचे राहतात, नववी-दहावीत इंग्रजीशी झगडत असताना इतिहासाचा कोर्स घेऊन सी आला तर तो पुढे सगळीकडे दाखवावा लागतो. पहिलं वर्ष ड्युअल क्रेडिटचं काहीच घेऊ नका. मुलाला खरंच हाताने काम आवडत असेल आणि दोन वर्षांचं कॉलेज करून कामाला लागायचं असेल तर हेच वर्कफोर्स कोर्स सोन्यासारखे आहेत, तिथे सगळे मोजले जातात. आपल्यातले आईबाप तेवढं ऐकून घेत नाहीत, तुम्ही घ्याल तर बरं.

आणि मिस्टरांना आजच विचारा, एल-१ वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) पाठवताहेत का एच-१बी वर. एल-१ असेल तर तुम्हाला एल-२ मिळेल आणि त्यावर तुम्ही लगेच नोकरी करू शकता. मुलाला नाही करता येणार, पण तुम्हाला येईल. तुम्ही काय शिकलात, सध्या काय करता, हे प्रश्नात कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहा, मग त्यावर बोलू.